महाराष्ट्रातील संगीतविषयक माहितीपट

संगीतविषयक माहितीपट म्हणजे गायक, वादक, शाहीर, लोककलावंत किंवा एखादी संगीतपरंपरा यांना विषय करून प्रत्यक्ष व्यक्ती, स्थळे आणि सादरीकरणे यांच्या चित्रणातून तयार केलेला कथाबाह्य चित्रपट होय. जुन्या मराठी लेखनात यासाठी ‘अनुबोधपट’ हा शब्दही आढळतो. ज्या चित्रपटात मैफल किंवा जलसा हाच मुख्य आशय असतो, त्यास मैफलीचे चित्रण किंवा मैफलपट असे म्हणता येते. महाराष्ट्रात या प्रकाराची घडण मुख्यतः मुंबईतील फिल्म्स डिव्हिजन ही शासकीय संस्था, मुंबई दूरदर्शन आणि स्वतंत्र दिग्दर्शक यांच्या कामातून झाली. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, झाकीर हुसेन यांसारख्या कलावंतांवरील माहितीपटांबरोबरच लावणी, जात्यावरच्या ओव्या आणि आंबेडकरी शाहिरी यांचे चित्रणही या परंपरेत मोडते.

हिंदुस्थानी संगीत आणि मराठी लोकसंगीत या दोन्ही परंपरा मुख्यतः मौखिक आहेत. स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा उतरतो आणि ध्वनिमुद्रिकेत आवाज उतरतो. परंतु गायकाची बैठक, हातवारे, साथीदारांकडे टाकलेला दृष्टिक्षेप आणि गुरू शिष्यास शिकवताना होणारी देवघेव हा भाग चित्रणाशिवाय टिकत नाही. त्यामुळे कलावंताच्या निधनानंतर असा चित्रपट हे अभ्यासाचे मूळ साधन ठरते, आणि जे वेळेवर चित्रित झाले नाही ते पुन्हा मिळवता येत नाही.

## प्रकार

संगीतविषयक माहितीपटांचे साधारणपणे चार प्रकार केले जातात. हे प्रकार परस्परांपासून पूर्णपणे वेगळे नसतात; एकाच चित्रपटात दोन किंवा तीन प्रकारांचे मिश्रण आढळते.

चरित्रात्मक माहितीपट : कलावंताचे बालपण, गुरू, साधना, यश आणि उत्तरायुष्य यांचा क्रम मुलाखती, छायाचित्रे आणि गायनवादनाच्या अंशांतून मांडला जातो. शासकीय संस्थांनी काढलेले बहुतेक चित्रपट या प्रकारात येतात.

मैफलीचे चित्रण : यात निवेदन कमी आणि संगीत अधिक असते. राग किंवा गीत शक्यतो अखंड ठेवले जाते. श्रोते, सभागृह आणि वाद्यांची जुळवाजुळव हाही आशयाचा भाग बनतो.

संगीताच्या तत्त्वाचा शोध घेणारा माहितीपट : यात व्यक्तीच्या चरित्रापेक्षा शैली, घराणे किंवा गायनप्रकार मध्यवर्ती असतो. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ हे याचे ठळक उदाहरण आहे.

सामाजिक माहितीपट : यात गाणे हे एखाद्या समाजाच्या जगण्याचे, श्रमाचे किंवा संघर्षाचे साधन म्हणून समोर येते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ या प्रकारात मोडतो.

कलावंताच्या जीवनावर नटांकरवी रचलेला चरित्रपट हा माहितीपटाहून वेगळा मानला जातो. रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ (२०११) आणि निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ (२०२२) हे चरित्रपट आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा शास्त्रीय गायनाच्या साधनेवरील पूर्णतः काल्पनिक कथापट आहे.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू झाला. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांत संपत असे. तासभर खुलणारा राग तेवढ्या अवधीत बसवण्याची वेगळी कला तत्कालीन गायकांनी साधली. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांचे गाणे आज मुख्यतः या मुद्रिकांमुळे ऐकावयास मिळते. केसरबाईंनी गायिलेली भैरवी १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनितबकडीत समाविष्ट आहे. याउलट त्यांच्या आधीच्या पिढीतील भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे गायन मुद्रित स्वरूपात मागे राहिले नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गाण्यातून आणि समकालीनांच्या आठवणींतून समजून घ्यावी लागते.

१९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि गाणाऱ्याची प्रतिमा व आवाज एकत्र टिपणे शक्य झाले. मात्र ही सोय प्रथम कथापटांनी वापरली. बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. त्यानंतर बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) या चित्रपटात ते रंगभूमीवरील आपल्या स्त्रीभूमिकेत कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. संगीतनाटकाचा प्रयोग चित्रफितीवर उतरवण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. रंगमंचावर बालगंधर्वांचे गाणे प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’वर फुलत असे, चित्रपटगृहात तो प्रतिसाद गाणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. जिवंत सादरीकरण पडद्यावर नेताना निर्माण होणारी ही अडचण पुढील काळातील प्रत्येक दिग्दर्शकासमोर आली.

## फिल्म्स डिव्हिजनचा कालखंड

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये भारत सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. वृत्तचित्रे आणि माहितीपट तयार करून देशभर वितरित करणे हे तिचे काम होते. परवानाधारक चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटापूर्वी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे बंधनकारक असल्यामुळे या चित्रपटांना तयार प्रेक्षक लाभला. शेती, आरोग्य, धरणे, कुटुंबनियोजन अशा विषयांबरोबर संगीत, नृत्य आणि चित्रकला यांवरील लघुपटही या वाटेने गावोगावच्या चित्रपटगृहांत पोहोचले. शास्त्रीय संगीताच्या मोठ्या मैफली मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत होत. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावांतील रसिकाला नामवंत गायक ऐकण्यासाठी आकाशवाणी हे मुख्य साधन होते, आणि तो पाहण्यासाठी चित्रपटगृहातील असा लघुपट ही क्वचित येणारी संधी होती.

या लघुपटांची लांबी बहुधा दहा ते वीस मिनिटे असे. जन्म, गुरुपरंपरा, मानसन्मान आणि गायनाचा लहानसा अंश असा त्यांचा ठरावीक आराखडा दिसतो; भारदस्त आवाजातील निवेदन पुष्कळदा गाण्यावरच चढवलेले असते. असे असले तरी काही दिग्दर्शकांनी या चौकटीतही वेगळे काम केले. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९७० च्या सुमारास उस्ताद अमीर खाँ यांच्यावर केलेला लघुपट त्यांपैकी एक आहे. डोळे मिटून, हातवारे जवळजवळ न करता गाणाऱ्या अमीर खाँ यांची अंतर्मुख बैठक त्यात पाहावयास मिळते. १९७४ मध्ये अमीर खाँ यांचे अपघाती निधन झाले. त्यामुळे त्यांची गायकी डोळ्यांनी अभ्यासू इच्छिणाऱ्यांसाठी या लघुपटाचे मोल वाढले.

## निर्मितीतंत्र

### रागाचा वेळ आणि चित्रफितीचा वेळ

संगीतविषयक चित्रपटाचा मूळ प्रश्न वेळेचा आहे. ३५ मिलिमीटर चित्रफीत सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालवली असता मिनिटाला ९० फूट खर्ची पडते. कॅमेऱ्यात बसणारे १,००० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत आणि ४०० फुटांचे रीळ साडेचार मिनिटांच्या आतच संपते. १६ मिलिमीटर फितीचे ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते. विलंबित ख्याल मात्र अर्धा ते पाऊण तास रंगतो. अतिविलंबित एकतालात तर बारा मात्रांचे एकच आवर्तन जवळपास मिनिटभर चालू शकते. म्हणजे साडेचार मिनिटांच्या रिळात अशी जेमतेम चार आवर्तने मावतात, आणि रीळ बदलेपर्यंत गायक पुढे गेलेला असतो.

या अडचणीवर दोन उपाय योजले जात. पहिल्या उपायात दोन किंवा अधिक कॅमेरे वापरून एकाचे रीळ संपण्यापूर्वी दुसरा सुरू केला जाई. दुसऱ्या उपायात ध्वनी वेगळ्या यंत्रावर अखंड मुद्रित करून, कॅमेरा थांबलेल्या भागात श्रोत्यांचे चेहरे, तंबोऱ्यावरील बोटे किंवा सभागृहाचे दृश्य योजले जाई. मैफलीच्या जुन्या चित्रणांत तानेच्या मध्येच श्रोत्यांची रांग दिसू लागते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा रीळ संपल्याचे कारण असते. चित्रफीत महाग असल्यामुळे चित्रणाचे प्रमाणही मर्यादित ठेवावे लागे. व्हिडिओफीत आणि त्यानंतर अंकीय कॅमेरे आल्यावर संपूर्ण मैफल न थांबता टिपणे शक्य झाले.

### ध्वनी आणि चित्र यांचा मेळ

कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक ही वेगळी यंत्रे असल्याने दोहोंची गती तंतोतंत जुळवावी लागते. तसे न झाल्यास ओठ आणि स्वर, किंवा तबल्यावरील हात आणि बोल यांत अंतर पडते. कथापटात गाणे आधी मुद्रित करून नंतर ओठ हलवण्याची पद्धत आहे. रागसंगीतात गायक तत्क्षणी रचना करत असल्याने तीच तान हुबेहूब पुन्हा घेणे कृत्रिम ठरते. म्हणून गायन चालू असताना चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपणे येथे आवश्यक ठरते.

ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याला विशेष महत्त्व आहे. गायकाच्या तोंडाजवळील ध्वनिग्राहकात तंबोरा क्षीण येतो आणि गाण्याची बैठकच हरवते. तो जास्त आला तर स्वरांचे बारकावे झाकले जातात. तबला, संवादिनी किंवा सारंगी आणि कंठ यांचे परस्परप्रमाण मैफलीत श्रोत्याला कसे ऐकू येते, याचे भान ध्वनिमुद्रकाला ठेवावे लागते.

### संकलन

गाण्याचा भाग गाळावयाचा असेल तर काप कोठे द्यावा, हा संकलनातील कळीचा प्रश्न असतो. आवर्तनाच्या मध्येच काप दिल्यास मात्रा तुटते आणि जाणकाराला सम चुकल्यासारखी वाटते. समेवर किंवा मुखडा घेतल्यानंतर काप दिल्यास ताल अबाधित राहतो. तरीही रागाच्या बढतीचा क्रम बिघडण्याची शक्यता उरते. मंद्रातील आलापानंतर एकदम तार षड्जाची तान आली तर मधली चढण प्रेक्षकाला कळत नाही. त्यामुळे मोठ्या रागाचे तुकडे घेण्यापेक्षा छोटी बंदिश, ठुमरी किंवा अभंग अखंड ठेवण्याकडे काही दिग्दर्शकांचा कल दिसतो.

## शास्त्रीय संगीतावरील उल्लेखनीय माहितीपट

### ध्रुपद (१९८२)

पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलेले मणी कौल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी हा चित्रपट दिग्दर्शित केला. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे बंधू, ध्रुपदगायक झिया फरीदुद्दीन डागर हे त्याचे केंद्र आहेत. कौल यांनी स्वतः डागर परंपरेत ध्रुपदाचे शिक्षण घेतले होते. झिया मोहिउद्दीन डागर मुंबईत राहत, आणि पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभारले. चित्रपटात चरित्राचा तपशील फारसा नाही. जुन्या वास्तूंचे अवकाश, मंद गतीने सरकणारा कॅमेरा आणि आलाप यांची सांगड त्यात घातली आहे. अखेरीस कॅमेरा मुंबई शहरावरून दीर्घकाळ फिरत राहतो. दरबारी वास्तूंत वाढलेले गायन आज महानगराच्या दाटीत जगत आहे, याची जाणीव हे दृश्य निवेदनाविना करून देते. आलापातील दीर्घत्व चित्राच्या गतीत उतरवण्याचा हा प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासक्रमांत आवर्जून चर्चिला जातो.

### पंडित भीमसेन जोशी

कवी व दिग्दर्शक गुलजार यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्यावर हा चित्रपट केला. गुरूच्या शोधात लहानपणी घर सोडणे, उत्तर भारतातील भटकंती, सवाई गंधर्वांकडील शिक्षण आणि पुण्यातील वास्तव्य हा जीवनक्रम जोशी यांच्या स्वतःच्या बोलण्यातून उलगडत जातो. गाताना सर्व देह पणाला लावणारी त्यांची शैली ध्वनिमुद्रिकेत निम्मीच कळते; चित्रणात ती पूर्णपणे दिसते. त्याआधी १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या राष्ट्रीय एकात्मतेवरील गीतचित्राच्या आरंभी जोशी दिसले होते. शास्त्रीय संगीताशी परिचय नसलेल्या कोट्यवधी घरांत त्यांचा चेहरा त्या काही क्षणांच्या चित्रणामुळे पोहोचला.

### रसयात्रा

नंदन कुढ्याडी दिग्दर्शित ‘रसयात्रा’ हा जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्यावरील चित्रपट आहे. १९९४ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला. मन्सूर यांचे आत्मचरित्र कन्नड भाषेत असून त्याच्या शीर्षकातही रसयात्रा हाच शब्द आहे. धारवाड परिसर आणि महाराष्ट्र यांच्यातील संगीताची जुनी देवाणघेवाण समजून घेण्यासाठी हे चरित्र महत्त्वाचे आहे. मन्सूर यांनी अल्लादिया खाँ यांच्या परंपरेतील तालीम मुंबईत त्यांच्या पुत्रांकडून घेतली होती.

### हंस अकेला आणि कोई सुनता है

कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्यावरील दोन चित्रपट तुलनेसाठी उपयुक्त आहेत. दोन्ही त्यांच्या निधनानंतर बनले. जब्बार पटेल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘हंस अकेला’ बेळगावजवळील जन्म, मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडील शिक्षण, क्षयरोगामुळे देवासला झालेले स्थलांतर, गाणे बंद असलेली वर्षे आणि त्यानंतर बदललेली गायकी असा जीवनपट उभा करतो. शबनम विरमाणी यांचा ‘कोई सुनता है’ (२००८) हा कबीराच्या वाणीचा माग घेणाऱ्या चित्रपटमालेचा भाग असून, कुमारांचे निर्गुणी गायन आणि माळव्यातील लोकगायकांचे गायन यांतील नाते तो शोधतो. पहिल्या चित्रपटाचा विषय कलावंत आहे. दुसऱ्याचा विषय कलावंताने उचललेली परंपरा आहे. दिवंगत गायकावरील अशा चित्रपटांना जुनी ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि सहवासातील व्यक्तींच्या आठवणी यांवर विसंबावे लागते. कलावंताच्या हयातीत किती चित्रण जपून ठेवले होते, यावर त्यांची समृद्धी ठरते.

जब्बार पटेल यांनी संतूरवादक शिवकुमार शर्मा यांच्यावर ‘अंतर्ध्वनी’ हा माहितीपटही दिग्दर्शित केला आहे.

### भिन्न षड्ज (२०११)

अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्यावर हा माहितीपट केला. आमोणकर यांनी आई व गुरू मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली आणि पुढे रागाच्या भावस्वरूपाला प्राधान्य देणारी स्वतंत्र वाट धरली. शीर्षक एका रागाचे नाव असून ते त्यांच्या वेगळेपणाचेही सूचक आहे. मैफलीतील शांततेबाबत आणि श्रोत्यांच्या शिस्तीबाबत आग्रही असलेल्या या गायिकेची विचारपद्धती चित्रपटात त्यांच्याच शब्दांत नोंदली गेली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यापूर्वी सहा वर्षे ही नोंद होऊ शकली.

### द स्पीकिंग हँड (२००३)

सुमंत्र घोषाल दिग्दर्शित हा चित्रपट तबलावादक झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांच्यावर आहे. मुंबईत वाढलेल्या झाकीर हुसेन यांना वडील अल्लारखाँ यांच्याकडून पंजाब घराण्याची तालीम मिळाली. वादकावरील चित्रपटात चित्राचे काम गायकावरील चित्रपटापेक्षा वेगळे असते. बोटांची ठेवण, डग्ग्यावरील मनगटाचा दाब आणि बोल उच्चारून मग वाजवण्याची पद्धत यांचे जवळून केलेले चित्रण शिकणाऱ्याला पाठाइतके उपयोगी पडते.

## लोकसंगीत आणि शाहिरी

### जय भीम कॉम्रेड (२०११)

आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून हा सुमारे तीन तासांचा माहितीपट पूर्ण केला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरे हे पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील चित्रपटात गायिले होते. त्यांच्या मृत्यूच्या कारणांचा शोध घेता घेता चित्रपट आंबेडकरी जलसे, भीमगीते आणि वस्त्यांतील गायकांपर्यंत पोहोचतो. संभाजी भगत, तसेच पुण्यातील कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांचे गायन त्यात आहे.

या चित्रपटात गाणी सजावट म्हणून येत नाहीत. लिखित इतिहासात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचा इतिहास ती सांगतात. चित्रपटाचे खेळ वस्त्यांमध्येही लावण्यात आले. जुन्या चित्रपटात टिपलेले घोगरे यांचे गाणे त्यांच्या मृत्यूनंतर नव्या चित्रपटाचा आधार बनले, ही बाब चित्रणाच्या जतनाचे महत्त्व दाखवते. याच सामाजिक पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’ (२०१४) हा कथापट रचला. त्यात लोकशाहिराची भूमिका विदर्भातील कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती.

### लावणी

सावित्री मेधातुल दिग्दर्शित ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट संगीत बारीतील लावणी कलावंत स्त्रियांचे जीवन आणि कला यांवर आहे. या विषयाच्या अभ्यासात त्यांचे सहकारी असलेल्या भूषण कोरगावकर यांनी पुढे ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिले. तमाशापटांमुळे लावणीची एक भडक प्रतिमा रूढ झाली होती. बैठकीच्या लावणीतील अदा, अर्थानुसार बदलणारा मुद्राभिनय आणि गायिका, नर्तिका व ढोलकीवादक यांच्यातील समन्वय या बाबी माहितीपटात स्पष्ट होतात. कलावंत स्त्रिया स्वतःच्या शब्दांत बोलत असल्याने कलेची प्रतिष्ठा आणि कलावंतांची सामाजिक अवहेलना यांतील विसंगतीही समोर येते.

### जात्यावरच्या ओव्या

हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. प्रथम त्या वह्यांत उतरवण्यात आल्या, नंतर त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ या संकेतस्थळाकडे आला, आणि २०१७ पासून तो निवडक चित्रफितींसह प्रसिद्ध होऊ लागला. गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदवण्याची पद्धत या संग्रहाने पाळली आहे. लोकगीत ‘अनामिक’ मानून गाणारीचे श्रेय पुसून टाकण्याच्या जुन्या सवयीच्या तुलनेत ही पद्धत महत्त्वाची ठरते. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते मागे पडले आणि ओवीचा प्रसंगच संपला. परिणामी हात, जाते आणि लय एकत्र दाखवणारे चित्रण हा त्या श्रमगीताचा दृश्य पुरावा ठरतो.

विदर्भात खंजिरीभजन, दंडार, खडीगंमत तसेच बंजारा समाजाची गाणी अशा परंपरा आहेत. त्यांचे सादरीकरण रात्रभर चालते किंवा सण आणि हंगाम यांच्याशी बांधलेले असते. अशा प्रकारांचे चित्रण करताना मंचावरील दहा मिनिटांच्या नमुन्यापेक्षा मूळ प्रसंग, श्रोते आणि बोलीभाषा यांसह केलेली नोंद अधिक उपयुक्त ठरते.

## जागतिक संदर्भ

पाश्चात्त्य देशांत १९६० च्या दशकात हलके कॅमेरे आणि वाहून नेता येणारे ध्वनिमुद्रक आल्यावर संगीतविषयक माहितीपटाला बहर आला. डी. ए. पेनबेकर यांच्या ‘माँटेरे पॉप’ (१९६८) या जलसापटाचा शेवट रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्या दीर्घ वादनाने होतो. हिंदुस्थानी संगीत पाश्चात्त्य तरुण श्रोत्यांपर्यंत नेण्यात या दृश्याचा मोठा वाटा आहे. ‘वुडस्टॉक’ (१९७०) या चित्रपटास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या बांगलादेश मदत जलशाचा चित्रपट पुढील वर्षी प्रदर्शित झाला. त्यात वाद्ये जुळवण्यालाच श्रोते टाळ्या देतात, हा प्रसंग नोंदला गेला आहे. विम वेंडर्स यांच्या ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ (१९९९) या चित्रपटाने क्यूबामधील वयोवृद्ध वादकांना जगापुढे आणले.

पाश्चात्त्य जलसापटात प्रेक्षकसमुदाय हाच एक नायक असतो. भारतीय मैफलीत श्रोते कमी आणि कलावंताच्या जवळ असतात, तसेच त्यांची दाद गाण्याच्या घडणीत सामील होते. त्यामुळे समोर बसलेल्या जाणकाराचा चेहरा दाखवणे येथे संगीताचाच भाग ठरते.

## प्रसारण आणि प्रदर्शन

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलीकडले’ यांसारख्या मराठी कार्यक्रमांतून गायक, संगीतकार व कवी घराघरांत दिसू लागले. माहितीपट पडद्यावर पाहण्याची संधी चित्रपट संस्थांच्या चळवळीने आणि १९९० मध्ये सुरू झालेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने दिली. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या काळात ‘षड्ज’ या उपक्रमात संगीतकारांवरील माहितीपट दाखवले जातात. सकाळी माहितीपट आणि त्यानंतर मैफल असा अनुभव श्रोत्यांना तेथे मिळतो. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक जुने चित्रपट आता यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे महानगरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यालाही ते पाहता येतात.

## जतन

चित्रफीत उष्णता आणि दमटपणा यांमुळे खराब होते. जुनी नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असते, तर नंतरच्या ॲसिटेट फितीत रासायनिक विघटन होऊन आंबूस वास येऊ लागतो व ती आक्रसते. चुंबकीय ध्वनिफीत आणि व्हिडिओफीत यांचेही आयुष्य मर्यादित असून त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील साठवणगृहाला लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या संस्थांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्यात आले.

जतनाच्या दृष्टीने पूर्ण झालेल्या चित्रपटाइतकेच महत्त्व त्यातून गाळलेल्या चित्रणाला आहे. वीस मिनिटांच्या माहितीपटासाठी काही तास चित्रण झालेले असू शकते. त्यात पूर्ण राग, तालमीचे प्रसंग आणि न वापरलेल्या मुलाखती असतात. संकलनानंतर असे साहित्य टाकून दिल्यास संगीताच्या अभ्यासकाला हवा असलेला भागच नाहीसा होतो. संस्थांच्या संग्रहांबरोबर मंदिरे, संगीत मंडळे आणि घरे यांतही मैफलींच्या जुन्या फिती आढळतात. अशा फितीवर कलावंत, साथीदार, राग, स्थळ आणि दिनांक यांची नोंद नसेल तर तिचे ऐतिहासिक मूल्य बरेच घटते.

## मूल्यमापन

संगीतविषयक माहितीपट पाहताना पुढील बाबी तपासल्या जातात : किमान एक रचना अखंड ऐकू येते की नाही, निवेदन गाण्यावर चढते की गाण्याला वाट देते, साथीदारांची नावे व चित्रण यांना योग्य स्थान मिळते की नाही, कलावंताचे शिक्षण, उपजीविका आणि मतभेद यांबद्दल चित्रपट बोलतो की केवळ गौरव करतो, आणि लोककलावंतांच्या बाबतीत त्यांची संमती व श्रेय यांचा आदर राखला जातो की नाही.

गौरवपर सूर हा या प्रकारावरील प्रमुख आक्षेप आहे. कलावंत हयात असताना केलेल्या चित्रपटात त्याच्या कलेतील उणिवा किंवा घराण्यांमधील वाद क्वचितच येतात. प्रसिद्धीच्या शिखरावर पोहोचलेल्या व्यक्तींवरच चित्रपट निघतात आणि सारंगीवादक, संवादिनीवादक, गावोगावचे संगीतशिक्षक, भजनी मंडळे हे चौकटीबाहेर राहतात, असाही आक्षेप घेतला जातो. या मर्यादा मान्य करूनही, छापील चरित्र आणि ध्वनिमुद्रण या दोहोंतून निसटणारा संगीताचा दृश्य भाग टिकवण्याचे काम माहितीपटाने केले आहे. अंकीय साधने स्वस्त झाल्यामुळे हे काम आता तालुक्याच्या गावातील शाळा, वाचनालये आणि भजनी मंडळांच्याही आवाक्यात आले आहे.

## हे सुद्धा पहा

- फिल्म्स डिव्हिजन
- राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय
- सवाई गंधर्व महोत्सव
- घराणे (हिंदुस्थानी संगीत)
- शाहिरी
- लावणी
- ओवी